बादलीला बिल नसतं

गेल्या महिन्यात विट्याजवळ एका वास्तुशांतीला गेलो होतो. पंगतीत शेजारी एक ज्येष्ठ ठेकेदार बसले होते. चाळीस वर्षं बांधकामात घातलेला माणूस, शब्दाला वजन असलेला. माझी नोकरी काँक्रीटचे क्यूब फोडण्यात गेली हे त्यांना माहीत असल्यामुळे मुद्दाम चार लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तुम्ही इंजिनिअर लोकांनी पाण्याचा उगाच बाऊ करून ठेवलाय. घरं गळतात ती सिमेंटातल्या राखेनं आणि ह्या क्रश सँडनं. पाण्याचं माप गवंड्याच्या हाताला कळतं. आमच्या आज्या-पणज्यांनी कुठं लिटर मोजले? आयर्विन पूल बघा की, अजून उभा हाय." पंगतीत माना डोलल्या. मी जिलेबीकडे लक्ष दिलं. दुसऱ्याच्या वास्तुशांतीत वाद घालू नये एवढं मला कळतं. शिवाय ज्या नव्या स्लॅबखाली आम्ही जेवत होतो त्याच्याच एका कोपऱ्यात ओल उतरलेली दिसत होती आणि यजमानांसमोर तिकडे बोट दाखवणं बरं दिसलं नसतं. पण त्या माना डोललेल्या माझ्या डोक्यातून जात नाहीत, म्हणून उत्तर इथे लिहितो.

"हाताला कळतं" हा त्यांचा मुद्दा आधी घेतो, कारण तोच सगळ्यात दमदार आहे आणि अर्धा खराही आहे. मुरलेल्या गवंड्यानं थापीवर माल घेतला की तो नीट बसेल की ढासळेल हे त्याला न बोलता समजतं. माझा प्रश्न एवढाच, की समजतं ते नेमकं काय? माल किती सरकेल हे हाताला समजतं. सुकल्यावर किती भार पेलेल, किती पाणी पाझरू देईल, हे हाताला समजायचा काही मार्गच नाही. आणि पाणी वाढवलं की सरकणं वाढतं, पेलणं घटतं. म्हणजे हात ज्याला चांगला माल म्हणतो, तो पुष्कळदा स्लॅबच्या दृष्टीनं वाईट असतो.

भाकरीचं उदाहरण ह्या वादात हमखास येतं. आमच्या आयाबहिणी कुठं पाणी मोजून पीठ मळतात? मोजत नाहीत, खरं आहे. पण ज्वारीचं पीठ सैल झालं तर भाकरी परातीलाच चिकटते. चूक लगेच दिसते आणि पुढच्या उंड्याला हात सुधारतो. दिवसाला वीस भाकऱ्या धरल्या तरी वर्षाला सात हजार वेळा ह्या हाताची परीक्षा होते. काँक्रीटचा निकाल २८ दिवसांनी लागतो, तोही प्रयोगशाळेत. खरा निकाल लागतो दहा-पंधरा वर्षांनी, स्वयंपाकघरातल्या छताचा पोपडा कढईत पडतो तेव्हा. तोवर गवंडी तीन तालुके पुढे गेलेला असतो. ज्या चुकीची झळ त्याच्या हाताला एकदाही बसली नाही, ती सुधारायला तो हात शिकणार कुठून?

आणि ह्याच हाताबद्दलची एक गोष्ट सांगतो. पंगतीत सांगितली असती तर जेवण राहिलं असतं. प्रयोगशाळेत एका कामाचे क्यूब यायचे. १५ सेंटीमीटरचे चौकोनी ठोकळे. एम २० दर्जाच्या ठोकळ्यानं साधारण ४६ टन भार झेलला की तो पास. ह्या कामाचे ठोकळे सत्तर-पंच्याहत्तर टनांपर्यंत हूं की चूं करत नसत. एवढं उत्तम काँक्रीट कोण करतंय बघावं, म्हणून एकदा न कळवता साइटवर गेलो. वर स्लॅबवर मिक्सरमधून ताकासारखा माल ओतला जात होता. खाली सावलीत एक पोरगा पत्र्यावर वेगळा माल कालवत होता. सिमेंटची जादा मूठ, पाणी बेतानं, साच्यात तीन थर, प्रत्येक थराला सळईचे मोजून पस्तीस ठोसे. नैवेद्याचं ताट वेगळं वाढावं तसं सगळं सोवळ्यात चाललं होतं. मी काही बोललो नाही; तोही कसनुसं हसला. ह्या राज्यात क्यूब भरलेल्या कोणालाही ही गोष्ट नवी वाटणार नाही. मग मला एवढंच सांगा, पाण्यानं काही फरक पडत नाही असं ज्यांचं मत आहे ते क्यूब भरताना पाणी का कमी करतात?

म्हणजे माहीत सगळ्यांना आहे. तरीही पंगतीत माना डोलल्या, म्हणून हिशोब मांडतो.

सिमेंटचं ५० किलोचं एक पोतं घ्या. त्यातल्या सगळ्या सिमेंटला रासायनिक रीतीनं जे पाणी बांधून घ्यायचं असतं ते वजनाच्या २३ टक्के, म्हणजे साडेअकरा लिटर. ह्या क्रियेत जो चिकट जेल तयार होतो त्याच्या अतिसूक्ष्म पोकळ्यांत आणखी साडेनऊ लिटर अडकून बसतं. झाले २१ लिटर. ह्यापुढचं पाणी मालाला घरंगळवण्यापुरतं, पाहुणं म्हणून आलेलं. पाहुणा जातो, पण त्यानं अडवलेली खोली रिकामी राहते. ४० लिटर घातलं तर १९ लिटर पाहुणे. त्यातलं थोडं वर तरंगून येतं, ज्याला साइटवर "दूध सुटलं" म्हणतात आणि बघून खूश होतात. वास्तविक ते सिमेंट धुऊन वर आणणारं पाणी असतं आणि त्या जागी नंतर पृष्ठभागाची भुकटी निघते. बाकीचं हळूहळू वाळून जातं आणि केसांहून बारीक नळ्यांचं जाळं मागे ठेवतं. एका पोत्यात काँक्रीट भरतं साधारण १३० लिटर. वर आलेलं वजा केलं तरी त्यातला काही हिस्सा आपण विकत घेतलेली पोकळी असते.

हे सांगणारा मी पहिला नाही. शिकागोच्या लुईस इन्स्टिट्यूटमध्ये डफ अब्राम्स ह्या माणसानं हजारो नमुने फोडून १९१८ साली नियम मांडला, की माल नीट दाबून बसवलेला असेल तर काँक्रीटची ताकद मुख्यतः पाणी आणि सिमेंट ह्यांच्या प्रमाणावर ठरते. त्याच्याच सूत्रात आपली बादली घालून पाहा. पोत्याला २५ लिटर पाण्याची ताकद १०० धरली, तर ३० लिटरला ती ७५ उरते, ३५ ला ५६ आणि ४० ला ४१. आजचं सिमेंट अब्राम्सच्या काळापेक्षा कितीतरी जोरदार आहे, त्यामुळे मूळ आकडे बदलले; उतरण तीच आहे. एम २०चे पैसे दिले आणि एका बादलीनं एम १० झाला, असं रोज घडतं.

ताकदीचं तरी एक बरं असतं. घराच्या स्लॅबवर फार भार नसतो, डिझाइनमध्ये सूट ठेवलेली असते, म्हणून कमकुवत स्लॅबही पडत नाही आणि ठेकेदाराला छाती पुढे काढून "बघा, काय झालं?" म्हणता येतं. गळण्याचं तसं नाही. टी. सी. पॉवर्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये एक तक्ता दिला, तो प्रत्येक घरमालकाच्या देवघरात लावावा असा आहे. ओलं ठेवलेल्या सिमेंटमधल्या त्या नळ्या जेल वाढून बुजायला किती दिवस लागतात, एवढंच त्यात आहे. पोत्याच्या भाषेत सांगतो. २० लिटर पाणी असेल तर तीन दिवस. साडेबावीसला एक आठवडा. २५ला दोन आठवडे. ३०ला सहा महिने. ३५ला एक वर्ष. त्याच्या वर? कधीच नाही. कितीही पाणी मारा, कितीही दिवस मारा, नळ्या एकमेकींना जोडलेल्याच राहतात. वॉटरप्रूफिंगवाल्यांची दुकानं ह्या शेवटच्या ओळीवर चालतात.

त्या नळ्यांतून नुसतं पावसाचं पाणी येत नाही, हवाही येते. हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटचा अल्कधर्मीपणा मारत आत सरकतो. हा अल्कधर्मीपणा म्हणजे सळईचं चिलखत. ते उतरलं की सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी फुगतो आणि आतून सळईवरचं काँक्रीट ढकलून देतो. कढईत पडतो तो पोपडा हाच. वाळवा, पलूस, मिरज ह्या ऊसपट्ट्यात जिथे जमीन क्षारपड झाली आहे, तिथे जोत्याला खालूनही हल्ला होतो. अशा गावांत पाया आणि प्लिंथ बीमला पातळ माल घालणं म्हणजे क्षाराला उंबऱ्यापर्यंत रस्ता करून देणं.

आता आयर्विन पूल. सांगलीकर म्हणून मलाही त्याचा अभिमान आहे. १९२९ सालचा तो पूल दगडी आहे, हो, दगडी! त्यात गंजायला सळई नाही. कमानीतला प्रत्येक दगड दाबाखाली असतो आणि दगडाला दाब सोसतो. त्याची तुलना सळईच्या पाच इंची स्लॅबशी करणं म्हणजे बैलगाडीचं चाक दाखवून ट्रॅक्टरच्या टायरला हवा कशाला लागते असं विचारणं. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांचा घाट आहे, तोही दगड-चुन्याचा. पण चुन्याचं नाव निघालंच आहे तर आज्या-पणज्यांची बाजू पूर्ण ऐकू या. चुना भिजत घालायचे, मुरवायचे आणि मग बैलाच्या घाण्यात तासन्‌तास दळायचे. कशासाठी? माल लोण्यासारखा व्हावा म्हणून. म्हणजे जो मऊपणा आपण आज एका बादलीत मिळवतो तो ते दळून, मेहनतीनं मिळवत होते. लिटर त्यांनी मोजले नसतील, पण पाण्याला मेहनतीच्या जागी बसवलं नव्हतं. त्यांचा दाखला आजच्या बादलीला लागू होत नाही.

दगडाचं सोडा, कोयना तर काँक्रीटचीच, असं कोणी म्हणेल. म्हणू द्या, कोयना माझी साक्षीदार आहे. १०३ मीटर उंचीचं ते धरण रबल काँक्रीटचं, म्हणजे काँक्रीटमध्ये मोठाले दगड बसवत नेलेलं. एवढ्या जाडीच्या कामात पाणी वाढलं की ताकदीसाठी सिमेंट वाढवावं लागतं, आणि सिमेंट वाढलं की त्याची उष्णता पोटात कोंडून तडे जातात. म्हणून धरणवाल्यांचा सगळा आटापिटा पाणी आणि सिमेंट दोन्ही कमीत कमी ठेवण्याचा असतो. मोठे दगड घालण्यामागेही हाच हिशोब. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे साडेसहा रिश्टरच्या आसपासच्या भूकंपानं ते हललं. कोयनानगर उद्ध्वस्त झालं, पावणेदोनशेहून जास्त माणसं गेली. धरणाच्या काही भागांत तडे गेले ते मुख्यतः जिथे खालच्या अंगाचा उतार एकदम बदलतो त्या उंचीवर, म्हणजे आकार जिथे ताण गोळा करतो तिथे. धरण फुटलं नाही. पुढे त्याला पाठीमागून आधार देऊन मजबूत केलं. त्या पहाटे ते पातळ मालाचं असतं तर काय झालं असतं, ह्याचा विचार कराडपासून सांगलीपर्यंत नदीकाठच्या कोणी करायलाही धजू नये.

आता सिमेंट आणि क्रश सँड. पीपीसी सिमेंटमध्ये राख असते हे खरं आहे, आणि ती भेसळ नाही हेही खरं आहे. १५ ते ३५ टक्के फ्लाय ॲश मानकातच दिलेली आहे आणि पोत्यावर छापलेली आहे. राखेची क्रिया सावकाश चालते आणि तेवढे दिवस तिला ओल हवी असते. ती मिळाली तर नळ्या अधिक चांगल्या बुजतात, क्षारालाही असं काँक्रीट जास्त दाद देत नाही. मिळाली नाही तर राख नुसती राख म्हणून आत पडून राहते. म्हणजे पीपीसीवरची तक्रार फिरून पाण्याशीच आली. क्रश सँडचंही तसंच. नदीची वाळू गोल, घरंगळणारी; काळ्या पाषाणाची क्रश सँड टोकदार, वर तिच्यात भुकटी. तेवढाच सरकता माल हवा तर तिला पाणी जास्त लागतं, हे ठेकेदारांचं निरीक्षण शंभर टक्के बरोबर आहे. पण मग गुन्हा कोणाचा? क्रश सँड पाणी मागते. बादली ओततो आपण. धुतलेली, चाळणीत बसणारी सँड घ्यावी आणि पोत्याला पाव ते अर्धा लिटर सुपरप्लास्टिसायझर घालावं, की पाण्यात वीस टक्क्यांची बचत होऊन माल तेवढाच सरकतो. "पाणी वाढवलं तर सिमेंटही वाढवू" हा उपाय कागदावर ठीक आहे, पण त्यानं आक्रसून जाणाऱ्या भेगा वाढतात आणि बिलही.

बिलावरून मूळ दुखण्याकडे येतो. माझा राग गवंड्यावर नाही. त्याला अडाणी ठरवणाऱ्या आमच्या इंजिनिअर मंडळींवर आणि त्याहून जास्त घरमालकांवर आहे.

तासगावकडचा कुठलाही स्लॅब आठवा. सकाळी नारळ फुटतो. मिक्सरशेजारी निळं बॅरल, त्यात बुडवायला रंगाची रिकामी वीस लिटरची बादली, कडी तुटलेली, तारेनं बांधलेली. बॅरलवर सगळ्यात कमी हजेरीचा पोरगा, कारण पाणी ओतायला अक्कल लागत नाही असा समज. काम उक्तं दिलेलं, चौरस फुटाच्या दरानं, संध्याकाळच्या आत संपवायचं. घमेली वर चढवणाऱ्या बायका दुपारपर्यंत थकलेल्या. व्हायब्रेटरचं भाडं मालकानं घासाघीस करून कापलेलं, किंवा व्हायब्रेटर आहे पण निडल बंद आहे. अशा वेळी घट्ट माल आला तर तो सळयांमध्ये जाणार नाही, खाली मधमाशीच्या पोळ्यासारखी भोकं पडतील, आणि सेंट्रिंग काढल्यावर शिव्या गवंडीच खाईल. म्हणून वरून हाळी येते, "ए पोरा, पाणी सोड!" आणि पोरगा सोडतो. त्याच्या जागी मी असतो तर मीही सोडलं असतं. कारण पाणी हा त्या साइटवरचा सगळ्यात स्वस्त मजूर आहे. तो सळयांत शिरतो, माल पसरवतो, व्हायब्रेटरचं काम करतो, जेवायची सुट्टी मागत नाही आणि संध्याकाळी हजेरी लावत नाही. सिमेंटच्या प्रत्येक पोत्याचा हिशोब मालक डायरीत लिहितो, सळईचं वजन काट्यावर करून घेतो, खडीच्या ब्रासवरून भांडतो. बादलीला बिल नसतं, म्हणून तिच्याकडे बघतच नाही.

हजार चौरस फुटांच्या पाच इंची स्लॅबला साधारण नव्वद पोती लागतात. पोत्यामागे दहा लिटर जादा गेलं तरी नऊशे लिटर झाले. एवढं पाणी कोणी डोळ्यांदेखत स्लॅबमध्ये टँकरनं रिचवलं असतं तर मालकानं आरडाओरडा केला असता. बादली-बादलीनं गेलं की दिसत नाही. तयार काँक्रीटचा ट्रान्झिट मिक्सर मागवणाऱ्यांनीही फार ऐट करू नये. दारात आल्यावर ड्रममध्ये पाण्याचा पाईप खुपसताना मी त्यांनाही पाहिलं आहे.

आणि ही उधळपट्टी करणारे आपण कोण? पाण्याचा थेंब न्‌ थेंब मोजणारे जिल्हे. म्हैसाळ, टेंभू, ताकारी ह्या उपसा सिंचन योजनांचं आवर्तन कधी सुटणार ह्यावर इथे निवडणुका फिरतात. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं, तेव्हा एका वाघिणीत सुमारे ५० हजार लिटर हा आकडा लहान पोरांना पाठ होता. पंगतीत ज्याचा दाखला दिला तो आयर्विन पूल तर पुराचं पाणी मोजण्याचंच ठिकाण. ४० फुटांना इशारा, ४५ला धोका. २०१९च्या ऑगस्टमध्ये पातळी ५७ फुटांवर गेली तेव्हा अख्खं शहर इंचाइंचावर जागं होतं. तीच सांगली मिक्सरजवळ गेली की म्हणते, अंदाजानं टाका.

ह्याची दुसरी बाजू आणखी चीड आणणारी आहे. मिक्सरमध्ये पाणी उधळणारा तोच मालक स्लॅब पडल्यावर एकदम काटकसरी होतो. "जत-आटपाडीकडं प्यायला पाणी न्हाय आणि तुम्ही स्लॅबवर तळं करायला सांगताय?" माण-खटावातही हेच ऐकलं आहे. प्रश्न दुष्काळातून आलेला आहे, त्याला हसून चालणार नाही. मानक सांगतं ते किमान सात दिवस. पीपीसीला किमान दहा, कोरड्या-उष्ण हवेतही दहा, आणि राखेच्या सिमेंटला शक्यतो चौदापर्यंत न्यावेत. ओल हवी, तळंच हवं असं नाही. पहिल्या दिवशी भिजवून गोणपाट टाकायचं, त्यावर प्लॅस्टिकचा कागद, कडेला विटा. टँकरचा बराच भाग वाचतो. जे वाचवायचंच नाही ते पहिल्या काही तासांतलं. ढालगाव, वनकुसवडे इथे पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. ह्या पठारांवरचा वारा ओल्या स्लॅबचं पाणी घोटाघोटानं पितो. चौरस मीटरमागे तासाला लिटरभर उडायला लागलं की माल घट्ट व्हायच्या आतच कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडतात. हजार फुटी स्लॅबच्या हिशोबानं ते तासाला नव्वद लिटर होतं. गवंडी मग त्या भेगांवर कोरडं सिमेंट भुरभुरतो आणि थापी फिरवतो. भेग झाकली जाते, बुजत नाही. खाऱ्या बोअरचं पाणी वापरणाऱ्यांसाठी एक आकडा: सळईच्या काँक्रीटला लिटरमागे क्लोराईड ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. पाण्याची बाटली तपासून घ्यायला फार खर्च येत नाही.

ठेकेदारांची एक खोच मात्र रास्त आहे आणि ती लपवली तर मी लबाड ठरेन. ते म्हणतात, तुमचंच पुस्तक गोंधळलेलं आहे. खरं आहे. आयएस ४५६ ह्या काँक्रीटच्या मानकातल्या नॉमिनल मिक्सच्या तक्त्यात एम २०ला पोत्यामागे जास्तीत जास्त ३० लिटर पाणी दिलं आहे. त्याच पुस्तकात टिकाऊपणाच्या तक्त्यात सौम्य हवेतल्या सळईच्या काँक्रीटला पाणी-सिमेंट प्रमाण ०.५५, म्हणजे साडेसत्तावीस लिटरच्या वर जाऊ नका असं आहे. पावसात राहणाऱ्याला २५, आणि महाबळेश्वर-पाटणसारख्या धो-धो पट्ट्यातल्या उघड्या स्लॅबला साडेबावीस. दोन्ही तक्ते वाचून कोणतं माप घ्यायचं हे गवंड्यानं ठरवावं अशी अपेक्षा करणं निर्लज्जपणा आहे. सांगलीत १९४७ पासून आणि कराडात १९६० पासून अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत. तिथून बाहेर पडलेल्या आम्हा लोकांनी ड्रॉइंगवर "०.५०" असं लिहिलं आणि हात झटकले. ०.५० म्हणजे ह्या बादलीच्या कितव्या रेघेपर्यंत, हे साइटवर जाऊन सांगणारे मी बोटांवर मोजण्याइतके पाहिले. ज्याला माप दिलंच नाही त्याच्यावर अंदाजाचा आरोप आम्हीच करायचा!

त्या वास्तुशांतीनंतर पंधरा दिवसांनी पलूसला भाच्याच्या घराचा स्लॅब होता. मी आदल्या दिवशीच गेलो. व्हायब्रेटर दोन आणवले, एक बंद पडला तर म्हणून. मग रंगाची ती बादली घेतली, लिटरच्या मापानं नऊ लिटर पाणी आत ओतलं आणि पातळीवर लाल ऑइलपेंटनं रेघ मारली. पोत्याला तीन बादल्या, रेघेपर्यंत. गवंडी साठीच्या आसपासचे, कमी बोलणारे. रेघ बघून गालात हसले. मला वाटलं, म्हातारा मनातल्या मनात शिव्या घालतोय.

रात्री वळीव झाला. सकाळी नारळ फुटायच्या आधी तेच माझ्याकडे आले. वाळूच्या ढिगात हात खुपसून मूठभर वाळू माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, "सायेब, ही भिजलीय. रेघंच्या खाली किती धरू?"

एवढ्या वर्षांत हा प्रश्न मला कुठल्या इंजिनिअरनं विचारला नव्हता. बहिणीची लोखंडी कढई मागून घेतली, किलोभर वाळू तोलून चुलीवर परतली, पुन्हा तोलली. चाळीस ग्रॅम कमी भरली. पोत्याला ऐंशी किलो वाळू, म्हणजे तीन लिटर पाणी वाळूतूनच येणार होतं. "बादलीला एक लिटर कमी," मी म्हणालो, "रेघेच्या खाली साधारण एक बोट." त्यांनी बादली तिरकी धरली, लाल रेघेखाली आपलं बोट टेकवलं, खिशातून खिळा काढला आणि प्लॅस्टिकवर दुसरी रेघ ओढली. मग बॅरलवरच्या पोराला हाक मारली.